नवरा मोझांबिकचा, मी पुण्याची: लिस्बनला बिऱ्हाड हलवण्याआधी काय काय तपासावं

परदेशी जायचं म्हटलं की पगार, भाडं, व्हिसा, शाळा अशी यादी सगळेच करतात. आमच्या यादीत एक रकाना जास्तीचा होता: ‘तिथे याच्याकडे कसं बघतात?’ हा म्हणजे माझा नवरा. मोझांबिकचा, कृष्णवर्णीय. शिकायला पुण्यात आला, शिकून झाल्यावर नोकरीही इथेच केली, आणि मग आमचं लग्न झालं. २०२२ मध्ये त्याला लिस्बनला काम मिळालं तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. तिचे केस त्याच्यासारखे आहेत आणि हट्ट माझ्या आईसारखा.

त्या जास्तीच्या रकान्यात काय भरायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा लेख. पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात ज्यांचा जोडीदार आफ्रिकन वंशाचा आहे, त्यांना तो उपयोगी पडेल. मुरुड-जंजिऱ्याच्या किंवा हल्याळ-यल्लापूरकडच्या, आफ्रिकन मुळाच्या सिद्दी मुलामुलींनाही पडेल, कारण विमानतळावर उतरल्यावर त्यांचा भारतीय पासपोर्ट कुणी आधी बघत नाही. उदाहरण पोर्तुगालचं आहे, कारण मला तेवढंच माहीत आहे. पण प्रश्न दुसऱ्या देशालाही विचारता येतील.

१. सुरुवात आपल्याच घरापासून

‘तो देश वर्णद्वेषी आहे का?’ असं कुणाला विचारू नका. पुण्याबद्दल मला कुणी विचारलं तर मी काय सांगणार? कोंढव्यात याला घर देताना सोसायटीने तीनदा मीटिंग घेतली. परदेशी भाडेकरूची माहिती कळवणारा सी-फॉर्म भरायची कटकट हे कारण सांगितलं, पण खरं कारण जिन्यातच ऐकू आलं होतं. आणि त्याच सोसायटीतल्या काकूंनी त्याला टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस मऊ भात पाठवला. माझे एक मामा संभाजीनगरचे. आफ्रिकेतून आलेल्या मलिक अंबरने शहराला पाणी कसं आणलं, नहर कशी खोदली, हे पाहुण्यांना हात धरून दाखवतात. माझं लग्न ठरलं तेव्हा तेच मामा म्हणाले, ‘हबशी जावई?’

म्हणून मोठा प्रश्न मोडून छोटे करा. घर कुणाला मिळतं? पोलीस कुणाला थांबवतात? बँकेच्या काउंटरमागे कोण बसतं आणि रात्री तीच बँक कोण झाडतं? कायदा कुणाच्या आजोबांना नागरिक मानतो? याची उत्तरं शोधता येतात.

२. तो देश स्वतःबद्दल कोणती गोष्ट सांगतो, ते ऐका

वसाहती ठेवलेल्या प्रत्येक देशाची एक लाडकी गोष्ट असते. पोर्तुगालची अशी: आम्ही इंग्रजांसारखे नव्हतो, आम्ही लोकांत मिसळलो, त्यांच्याशी लग्नं केली, आमच्यात रंगाचा भेद नाही. ही गोष्ट तुम्हाला शेजारी सांगेल, टॅक्सीवाला सांगेल, आणि प्रामाणिकपणे सांगेल.

या गोष्टीचं बारसं आपल्या दाराशीच झालं. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेरी १९५१ मध्ये पोर्तुगीज सरकारचे पाहुणे म्हणून फिरत होते. त्यांनी पणजीच्या वास्को द गामा इन्स्टिट्यूटमधल्या भाषणात ‘लुझो-ट्रॉपिकल’ संस्कृतीची कल्पना मांडली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला ती आयतीच मिळाली. त्याच वर्षी पोर्तुगालने घटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली होती. वसाहतीच नाहीत, तर सोडायच्या काय?

आता त्याच काळातलं मोझांबिक बघा. तिथे १९६१ पर्यंत कायद्याने माणसांचे वर्ग होते. बहुसंख्य आफ्रिकन लोक ‘इंदिजिना’, म्हणजे देशी. त्यांना नागरिकत्व नाही, बरोबर ‘कादेर्नेता’ नावाची ओळखवही बाळगायची, आणि ‘शिबालु’ म्हणजे सक्तीची मजुरी. पोर्तुगीज भाषा, राहणी, उत्पन्न हे सगळं सिद्ध केलं तर ‘आसिमिलादु’, म्हणजे सामावून घेतलेला, होता यायचं. ती पायरी चढू शकणारे अगदी थोडे. हा कायदा गोव्याला लागू नव्हता. गोव्याहून मोझांबिकला कारकून म्हणून गेलेला माणूस नागरिक होता, आणि ज्याच्या वहीवर तो शिक्का मारायचा तो नव्हता.

हे मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या आजीला फोनवर सांगितलं की मुलगी भारतातली आहे, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला: ‘दुकानदाराची की कारकुनाची?’ मी हसले, नवरा हसला नाही. वसाहतीच्या शिडीवर आपली माणसं मधल्या पायरीवर बसलेली होती, आणि खालच्या पायरीवरून ती कशी दिसायची हे त्या आजीला पक्कं आठवत होतं. तुमचा जोडीदार पोर्तुगीज आफ्रिकेतला असेल तर हे बोलणं विमानात बसण्याआधी होऊ द्या.

लिस्बनमध्ये ही गोष्ट तपासायच्या दोन जागा सांगते. पहिली बेलेंचं ‘शोधांचं’ स्मारक. जहाजाच्या नाळेसारखं, नदीकडे तोंड करून उभं. ते पहिल्यांदा १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं बांधलं, मग १९६० मध्ये काँक्रीट आणि दगडात पक्कं केलं. तिथला गाइड ‘शोध’ हा शब्द किती वेळा वापरतो आणि ‘गुलाम’ किती वेळा, ते मोजा. दुसरी जागा म्हणजे शहराच्या मध्यातली ‘रुआ दु पोसु दुश नेग्रुश’, काळ्यांच्या विहिरीचा रस्ता. मेलेल्या गुलामांची प्रेतं टाकण्यासाठी राजा मानुएलने १५१५ मध्ये खड्डा खणायला लावला, त्यावरून हे नाव पडलं. आज तिथे कॅफे आहेत. कॅफेवाल्याला नावाचा अर्थ विचारा. आम्ही तीन ठिकाणी विचारलं. एकाला ठाऊक होता, एकाने विषय बदलला, आणि तिसरी, केप व्हर्डे या जुन्या पोर्तुगीज वसाहतीतली वेट्रेस, बिल आणताना हळूच म्हणाली, ‘मला वाटलं तुम्ही विचारणार नाही.’

गुलामगिरीतल्या माणसांचं स्मारक व्हावं म्हणून लिस्बनकरांनी २०१७ मध्ये महापालिकेच्या लोकसहभागाच्या योजनेत मतं दिली, प्रस्ताव जिंकला, आणि मग वर्षानुवर्षं लांबत गेला.

३. दोन आजोबांचा हिशेब मांडा

हा मुद्दा सावकाश वाचा, आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. आम्ही धरून चाललो होतो की नवऱ्याचे आजोबा पोर्तुगीज झेंड्याखाली जन्मले, तर काहीतरी हक्क निघेलच. आमच्या ओळखीच्या म्हापशाच्या कुटुंबाला आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला होता. मग आपल्याला का नाही?

उत्तर एका हुकूमनाम्यात आहे: क्रमांक ३०८-अ/७५, तारीख २४ जून १९७५. दुसऱ्याच दिवशी, २५ जूनला, मोझांबिक स्वतंत्र झालं. नागरिकत्व कुणाचं राहील आणि कुणाचं जाईल हे त्याने ठरवलं. ज्यांचे वाडवडील युरोपातल्या पोर्तुगालचे, त्यांचं राहिलं. गोवा-दमण-दीवला जन्मलेल्यांना ‘आम्हाला ठेवायचं आहे’ असं सांगून ठेवता आलं. आफ्रिकेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं गेलं. झेंडा एकच, पण म्हापशाच्या आजोबांची नातवंडं आज युरोपियन आहेत आणि मोझांबिकमधल्या इन्हांबानेच्या आजोबांचा नातू व्हिसाच्या रांगेत.

पुढे १९८१ च्या कायद्याने (क्र. ३७/८१) पोर्तुगालच्या भूमीवर जन्मलं म्हणून नागरिकत्व मिळणंही थांबलं. लिस्बनच्या इस्पितळात जन्मून, तिथेच शिकून परके राहिलेल्यांची एक पिढी त्यातून तयार झाली. २००६, २०१८ आणि २०२० मध्ये हा कायदा टप्प्याटप्प्याने सैल केला. अलीकडे वारं उलट वाहतंय. स्थलांतरितांवर तोंडसुख घेणारा ‘शेगा’ पक्ष २०१९ मध्ये संसदेत एका जागेवर होता, मग १२, २०२४ मध्ये ५०, आणि २०२५ मध्ये ६०. नियम किती लवकर बदलतात याचा अंदाज यावरून येईल.

म्हणून तीन सावधगिऱ्या:

‘आधी टुरिस्ट म्हणून ये, मग तिथून अर्ज कर’ हा सल्ला अजून व्हॉट्सअॅपवर फिरतो. तो दरवाजा जून २०२४ मध्ये बंद झाला. निवासी व्हिसा हातात घेऊनच निघा.

मोझांबिक, अंगोला, केप व्हर्डे अशा पोर्तुगीजभाषक देशांच्या नागरिकांसाठी ‘सीपीएलपी’ करारातून वेगळी वाट आहे. ती जोडीदाराला लागू होते, तुम्हाला आपोआप नाही. अर्ज करायच्या दिवशीचा नियम सरकारी राजपत्रात, ‘दियारियु दा रेपुब्लिका’त बघा. एजंटच्या पीडीएफवर जाऊ नका.

पुढेमागे पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंत तर भारतीय पासपोर्ट जातो. आणि परतायची वाट उघडी ठेवायची असेल तर नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झाल्यावर जोडीदाराचं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड करून घ्या. आम्ही ते निघण्याआधी केलं, आणि सगळ्या धांदलीत तेवढंच एक शहाणपणाचं काम केलं.

४. कागदांची फाइल

• विशेष विवाह कायद्याखालचं लग्नाचं प्रमाणपत्र. तीस दिवसांची नोटीस लागते, तेव्हा तिकीट काढून मग धावू नका.
• मुलांचे जन्मदाखले. मराठी दाखल्याचं प्रमाणित भाषांतर आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का.
• पोलीस पडताळणी. जिथे जिथे वर्षभराहून जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाची. नवऱ्याला मोझांबिकची तर लागलीच, शिवाय पुण्यात राहिल्याबद्दल एफआरआरओकडून, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडून, भारताचीही लागली.
• पदव्या, नोकरीची पत्रं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट.
• ‘निफ’, म्हणजे पोर्तुगालचा कर क्रमांक. त्याशिवाय बँक खात्यापासून भाडेकरारापर्यंत काही हलत नाही.

नावांचा घोळ आधीच निस्तरा. आपल्याकडे मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिकडे आधी आईचं आडनाव, मग वडिलांचं. माझ्या मुलीच्या महापालिकेच्या दाखल्यावर मधे जे आहे ते वडिलांचं पहिलं नाव, हे एका कारकुनाला समजावण्यात आमची एक पूर्ण सकाळ गेली. ‘या तिन्ही कागदांवरची व्यक्ती एकच’ असं शपथपत्र पोर्तुगीज भाषांतरासह करून न्या.

५. पंधरा दिवस राहून बघा, आणि वेगवेगळे फिरा

दोघं हातात हात घालून फिरलात तर तुम्हाला जोडपं म्हणून वागवतील. जोडीदाराला एकट्याने फिरू द्या, तुम्ही एकट्या फिरा, रात्री जेवताना वह्या जुळवा. याला मॉलमध्ये रखवालदाराने तीन दुकानं मागे मागे सोबत केली. मला त्याच मॉलमध्ये कुणी बघितलंही नाही.

एक दिवस भल्या पहाटे सिंत्रा लाइनची लोकल पकडा. अमाडोरा, केलूश या स्टेशनांवर चढणाऱ्या बायका बघा. बहुतेक आफ्रिकन वंशाच्या, हातात डब्याच्या पिशव्या. ऑफिसं उघडायच्या आत झाडून-पुसून त्या परततात. त्याच लाइनला नऊ वाजता पुन्हा बसा. डब्यातले चेहरे बदललेले दिसतील.

आकडेवारी शोधायला जाल तर फार हाती लागणार नाही. २०२१ च्या जनगणनेत वंशाचा प्रश्न घ्यावा अशी मागणी होती, ती मान्य झाली नाही. म्हणून डोळ्यांनीच मोजायचं.

इथे एक भूलथाप सांभाळा: ‘आमचा पंतप्रधानच मूळचा गोव्याचा होता!’ खरं आहे, आंतोनियु कॉश्ता २०१५ ते २०२४ पंतप्रधान होते. ही गोष्ट मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं आणि मला अभिमानही वाटतो. पण ती नवऱ्याला कधी कुणी ऐकवत नाही. त्याच्यासाठी बघायचं नाव फ्रान्सिस्का व्हान दुनें. लुआंडात जन्मलेल्या, २०१५ मध्ये न्यायमंत्री झालेल्या, पोर्तुगालच्या पहिल्या कृष्णवर्णीय मंत्री.

६. घर शोधताना फोन कोण करणार, हे ठरवा

नवऱ्याची पोर्तुगीज अस्खलित, पण बोलण्यात मापुतो, म्हणजे मोझांबिकची राजधानी, ऐकू येते. एका फ्लॅटसाठी त्याने दुपारी फोन केला. ‘कालच गेला हो.’ वीस मिनिटांनी मी माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये, अर्धं इंग्रजी घालून, त्याच नंबरवर फोन केला. उद्या अकराला या म्हणाले. पुणेरी इंग्रजीला ‘परदेशी कंपनीतली बाई’ असा वास असतो, हे मला तेव्हा कळलं. अकराला दोघं गेलो. मालकीणबाईंनी याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, ‘सामान हलवायला माणूस आणलात वाटतं?’

ते घर आम्ही घेतलं नाही. पण त्यानंतर दोन महिने फोन मीच केले, हेही खरं. हे बरोबर की चूक यावर आमच्यात अजून वाद होतो. त्याचं म्हणणं, ज्या दारातून मला एकट्याला आत घेतलं नसतं ते दार नको. माझं म्हणणं, डोक्यावर छप्पर नको का? तुमचं काय ते निघण्याआधी बोलून ठेवा, रस्त्यात उभं राहून नको.

बाकी व्यवहाराचं: दलाल ‘फियादोर’ म्हणजे स्थानिक हमीदार मागेल. नसेल तर सहा महिन्यांचं आगाऊ भाडं मागेल. आगाऊ भाड्याला कायद्याने मर्यादा आहे, तरीही मागतात. नोकरी देणाऱ्या कंपनीकडून हमीपत्र मिळतं का ते करारावर सही करण्याआधी विचारा, नंतर कुणी फोन उचलत नाही. करार कर खात्याकडे नोंदवलेला हवा. पत्त्याचा दाखला ‘जुंता द फ्रेगेझिया’त, म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिससारख्या कार्यालयात मिळतो. त्याला तिथले दोन मतदार साक्षीला लागू शकतात, म्हणून शेजाऱ्यांशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या. आमच्या साक्षीदार खालच्या मजल्यावरच्या आजी आहेत. त्यांचे यजमान मोझांबिकच्या युद्धात सैनिक होते, हे त्यांनी सही करून झाल्यावर सांगितलं.

७. पोलीस, बाकावरचे म्हातारे, आणि लाल वही

पोर्तुगालची आफ्रिकेतली युद्धं १९६१ ते १९७४ चालली. त्यात लढलेली तरुण पोरं आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत आणि बागेत बाकांवर बसतात. बहुतेक जण निरुपद्रवी, काही फार प्रेमळ. पण जुलै २०२० मध्ये लिस्बनच्या कडेला मोश्काविदे इथे भर दुपारी ब्रुनु कांदे या कृष्णवर्णीय अभिनेत्याला गोळ्या घालणारा म्हातारा त्या युद्धातला माजी सैनिक होता. ‘आपल्या देशात परत जा’ असं तो आधीपासून सुनावत होता. कांदे जन्माने पोर्तुगीज. कोर्टाने त्यात वंशद्वेष मान्य केला आणि २२ वर्षं ९ महिन्यांची शिक्षा दिली. घाबरवायला सांगत नाही. ‘परत जा’ हे वाक्य एकाच माणसाकडून दुसऱ्यांदा आलं तर तारीख-वेळ लिहून ठेवायची आणि पोलिसांत नोंदवायचं, एवढ्यासाठी सांगते.

ओळखपत्र कायम खिशात. अमाडोरासारख्या भागात पोलिसांनी थांबवलं तर हात दिसतील असे ठेवा, आवाज खाली, प्रश्न नंतर. नवरा म्हणतो, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्याच कोवा दा मोराजवळ ओदायर मोनिझ हा केप व्हर्डे वंशाचा माणूस पोलिसाच्या गोळीने मेला आणि कितीतरी रात्री बस जळत होत्या. आणि आपण यातून सुटलो असं मानू नका. त्याच वर्षी १९ डिसेंबरला, नेमक्या गोवा मुक्तिदिनी, लिस्बनच्या रुआ दु बेन्फर्मोझु या रस्त्यावर पोलिसांनी डझनावारी स्थलांतरितांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. त्यात बांगलादेशी होते, आपल्या उपखंडातले होते.

दुकान, हॉटेल, दलालाचं ऑफिस अशा ठिकाणी अपमान झाला तर भांडू नका. शांतपणे ‘लिव्रु द रेक्लामासोंइश’ मागा. ही लाल तक्रारवही प्रत्येक धंद्याला ठेवावीच लागते, मागितली की द्यावीच लागते, आणि तक्रारीची एक प्रत तुम्हाला मिळते. कुठल्याही भाषणापेक्षा हे तीन शब्द जास्त काम करतात. घर किंवा सेवा नाकारणं हा २०१७ च्या कायद्याने (क्र. ९३/२०१७) दंडनीय भेदभाव आहे. मदतीला १९९० पासून काम करणारी ‘एसओएस रासिस्मु’ ही संस्था आहे. पोलिसांविरुद्धची तक्रार गृहखात्याच्या ‘इगाय’ या तपासणी विभागाकडे जाते. निकाल लवकर लागेल ही आशा मात्र ठेवू नका.

८. चार शब्द

‘नेग्रु’ ऐकून दचकू नका, पोर्तुगीजमध्ये तो सभ्य शब्द आहे. अनोळखी माणसाच्या तोंडी ‘प्रेतु’ ही शिवी. ‘मोन्ये’ ही आपल्याला, म्हणजे भारतीय दिसणाऱ्यांना दिलेली शिवी, मोझांबिकहून आलेली. आणि गोव्याचे मित्र जेवताना सहज ‘खापरी’ म्हणतील, तो पोर्तुगीज ‘काफ्रे’चाच कोकणी अवतार, काळ्या माणसाला दिलेली शिवी. तिथे मात्र मी लाल वहीची वाट बघत नाही, ताटावरूनच बोलते.

९. शाळा आणि केस

शाळेच्या पहिल्या आठवड्यात मुलीने घरच्यांचं चित्र काढलं. बाईंनी तिच्या हातात एक पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, ‘कोर द पेल’, कातडीचा रंग. फिकट गुलाबी. मुलीने त्या पेन्सिलीने स्वतःचे मोजे रंगवले. बाई वाईट नाहीत, बालवाडीत आमच्या खडूच्या पेटीतही तोच रंग त्याच नावाने असायचा. आम्ही दुसऱ्या दिवशी तपकिरी छटांचा बारा पेन्सिलींचा डबा वर्गाला भेट दिला, काही न बोलता. शाळेत सुरुवातीला असं काहीतरी हातात घेऊन जा, तक्रार घेऊन नको. इतिहासाच्या धड्यांची वेळ येईल तेव्हा मात्र पुस्तक आधी स्वतः वाचा.

केसांचं सोपं वाटतं, पण मला ते येत नव्हतं. पुण्यात दर रविवारी फणी, रडारड आणि खोबरेल तेल. लिस्बनमध्ये मोरारियाच्या गल्ल्यांत आणि अमाडोरात वेण्या घालून देणाऱ्या बायका आहेत. आमची केप व्हर्डेची आहे. मुलीचं डोकं मांडीवर घेऊन आधी मला बोलली, की केस ओले असताना खालून वर विंचरायचे, एवढंही कसं माहीत नाही? आता पुण्याहून कुणी येणार असेल तर मी तिच्यासाठी निळ्या बाटलीतलं खोबरेल मागवते. शनिवारी जा. नऊची वेळ दिली असेल तर अकरा धरा, पैसे रोख न्या, आणि मुलीसाठी खाऊचा डबा भरून घ्या, कारण तीन तास कुठे गेले नाहीत.